डिस्क बसवण्याआधी ड्रम उघडा

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. नव्या गाड्या मोजून चार-पाच, बाकी सगळा वारसाहक्क! कुणाच्या पप्पांची स्प्लेंडर, कुणाच्या काकांची आरएक्स १००, तर कुणाच्या आजोबांची बुलेट. ही बुलेट आजोबांनी 'दिलेली' नसते हं, 'वापरायला दिलेली' असते. स्टाफ पार्किंगमध्येही चित्र फार वेगळं नाही. आणि या सगळ्या मंडळींचा डायलॉग एकच, "इंजिन एकदम टकाटक आहे, फक्त ब्रेक लागत नाही."

यावर मेसच्या टेबलावर मिळणारा सल्लाही ठरलेला. "डिस्क टाकून घे बे!" मग कुणीतरी भंगारातून फोर्क आणतो, कुणीतरी कॅलिपर आणतो, वेल्डिंगवाल्याकडे एक पट्टी लावून घेतो आणि काही हजार रुपये घालवून गाडी पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक करून परत येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक जुन्या गाड्यांचा ड्रम ब्रेक मुळात कमजोर नसतो. तुमच्या बोटांपासून लायनरपर्यंत जाताना ताकद वाटेत चार-पाच ठिकाणी गळत असते. ती गळती शोधायला शंभर-दोनशे रुपये, एक रविवार आणि थोडंसं सेकंड इयरचं मेकॅनिक्स पुरतं.

आधी आकडे बघू, म्हणजे विषय किती गंभीर आहे ते कळेल. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर कुठल्याही रोडला निघा, अक्कलकोट असो, विजापूर असो की पंढरपूर, समोर उसाची ट्रॉली येणारच. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. ती दिसते तेव्हा अंतर फार उरलेलं नसतं. समजा तुम्ही ताशी ६० च्या स्पीडला आहात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ट्रॉली दिसली, मेंदूला कळलं, हात-पाय हलले, यात एक सेकंद गेला. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले. आता दोन्ही ब्रेक नीट असतील आणि नीट वापरले, तर कोरड्या डांबरावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट मंदन मिळवता येतं. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले मंदन, हे सूत्र लावा. उत्तर येतं २० मीटर.

आणि फक्त मागचा ब्रेक दाबला तर? ४६ मीटर!

हा ४६ कुठून आला ते सांगतो, कारण खरी मजा त्यातच आहे. गाडी आणि चालवणारा मिळून १७० किलो धरा. उभ्या गाडीत पुढच्या चाकावर ८० आणि मागच्यावर ९० किलो. वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटर वर, आणि दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, हे पिलियन बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे (आणि काहींना आवडतंही, असो). ०.७ पट मंदनाला जवळपास ५८ किलो वजन मागून पुढे सरकतं. म्हणजे पुढच्या चाकावर १३८ आणि मागच्यावर फक्त ३२. आता ज्या चाकावर ३२ किलोच आहेत त्याला तुम्ही कितीही पाय दाबून ब्रेक लावा, ते थोडंसं रोखेल आणि मग सरळ लॉक होऊन घसरेल. रबर आणि डांबर यांचा घर्षणांक ०.८ धरून (हा शब्द मराठी मीडियमच्या रूममेटने दिला, मी आयुष्यभर 'म्यू' म्हणत आलोय) गणित केलं, तर एकट्या मागच्या ब्रेकची मर्यादा ०.३ पटीच्या जवळ येते. त्यापुढे ब्रेक कितीही भारी टाका, उपयोग शून्य. आता हा हिशोब बघा. दोन्ही ब्रेक लावणारा जिथे थांबला, त्याच रेषेवरून फक्त मागचा ब्रेक दाबणारा अजून ताशी ४५ च्या स्पीडने जात असतो. ट्रॉली त्या रेषेवर उभी आहे.

म्हणजे ब्रेक सुधारायचा तर सुरुवात पुढच्या ब्रेकपासून. पण इथे एक अडचण आहे, आणि ती गाडीत नसून घरात आहे. आपल्यापैकी बहुतेकांना गाडी शिकवताना पप्पांनी किंवा मामांनी एकच मंत्र दिलेला असतो, "पुढचा ब्रेक मारू नको, पलटी खाशील." मंत्र अगदीच खोटा नाही. त्यांनी गाडी चालवली ती खडीच्या आणि काळ्या मातीच्या रस्त्यांवर. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती ओली झाली की ती साबणासारखी होते, आणि तिथे पुढचं चाक लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. पण अपवादासाठी बनवलेला नियम आपण रोज पाळतो. पुढचा लिव्हर वर्षानुवर्षे कुणी दाबतच नाही, त्यामुळे केबल गंजते, कॅम जाम होतो, लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात. मग कधीतरी दाबला तर लागत नाही आणि मंत्र सिद्ध होतो, "बघ, पुढच्या ब्रेकचा काही उपयोगच नसतो!"

सरकारलाही ही सवय माहीत असावी असं मला वाटतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा आपोआप लागतो. बहुतेक मोटरसायकलींमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचाही लागतो, म्हणजे सवय बदलत नसेल तर गाडी बदला! पण आपल्या पार्किंगमधल्या गाड्या त्याआधीच्या. तिथे सगळा भार तुमच्या उजव्या हाताच्या बोटांवर आहे.

या गाड्या अशा का बनल्या, तेही थोडक्यात. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. पुढे-मागे १३० मि.मी.चे ड्रम. स्प्लेंडर १९९४ ची, तिलाही ड्रमच. तेव्हाचे रस्ते, तेव्हाचा ट्रॅफिक आणि तेव्हाची किंमत यांना ते पुरेसे होते. ड्रम स्वस्त, बंदिस्त, धूळ-चिखल सहन करणारा, आणि गावातला कुठलाही मिस्त्री तो उघडू शकतो. डिस्क आपल्या मोटरसायकलींमध्ये रुळायला १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर यायला लागली. अपवादात्मक किस्सा राजदूत ३५० चा. १९८३ मध्ये ती आली तेव्हा मूळ जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, आपल्याकडे मात्र किंमत कमी ठेवायला तिथे सात इंची ड्रम बसवला. इंजिन तीस हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि ब्रेक ड्रमचा! 'आरडी' म्हणजे 'रॅपिड डेथ' असं नाव पोरांनी उगाच नाही पाडलं. पण तो ड्रमही साधा नव्हता, त्याच्याकडे पुढे येतोच.

आता ड्रमच्या आत जाऊ. ॲल्युमिनियमच्या हबमध्ये बिडाची रिंग बसवलेली असते, ती चाकाबरोबर फिरते. आत ब्रेक प्लेट, ती फिरत नाही. तिच्यावर दोन अर्धगोल शू, एका बाजूला पिनवर टेकलेले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या मध्ये चपटा कॅम. लिव्हर दाबला, केबल ओढली गेली, कॅम फिरला, शू फाकले आणि ड्रमला घासले. एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. गंमत अशी की दोन्ही शू सारखे दिसत असले तरी सारखं काम करत नाहीत. दाराखाली लाकडाची पाचर अडकवली की दार जितकं ढकलाल तितकी ती जास्त घट्ट बसते, बघितलंय ना? पुढच्या बाजूचा शू नेमका तसा वागतो. फिरणारा ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढतो आणि त्या ओढण्याने तो अजूनच ड्रममध्ये घुसतो. हा लीडिंग शू. दुसऱ्या शूला ड्रम उलट बाहेर ढकलतो, तो ट्रेलिंग. म्हणजे तुमच्या बोटांची ताकद लीडिंग शू फुकटात वाढवून देतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत अजिबात नसते! तिथे पॅड फक्त दाबले जातात, म्हणूनच तिला ऑइल आणि पिस्टन लागतात. 'ड्रममध्ये ताकदच नसते' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

पण फुकटची मदत अटीवर मिळते. शूचा पूर्ण पृष्ठभाग ड्रमला टेकला पाहिजे, लायनरचा घर्षणांक चांगला पाहिजे आणि कॅमला पूर्ण ताकद पोहोचली पाहिजे. एकेक गळती आता बघू.

चाक काढलं की पहिली गोष्ट, धूळ फुंकू नका. तोंडाने नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेनेही नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचा आणि तो छातीत गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. गॅरेजमध्ये लहान पोरं हवेच्या पाईपने ड्रम साफ करताना दिसतात तेव्हा खरंच अंगावर काटा येतो.

मग लायनरचा रंग बघा. काळपट आणि आरशासारखा चमकत असेल तर तो ग्लेझ झाला आहे. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासा, चमक गेली की पुरे. जाडी २ मि.मी.च्या खाली गेली असेल तर घासत बसू नका, नवा जोड आणा. आणि लायनरला ग्रीस किंवा ऑइल लागलं असेल, तर पेट्रोलने धुऊन, गॅसवर भाजून वगैरे जे प्रयोग चालतात ते सोडून द्या. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं. ते शू गेले समजा, आणि ग्रीस कुठून आलं तेही शोधा. पुढच्या चाकात बहुतेकदा स्पीडोमीटरच्या गिअरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये प्रेमाने भरलेलं जास्तीचं ग्रीसच असतं.

नवे शू टाकले म्हणजे ब्रेक नवा झाला, असंही नाही. ही गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही. नव्या शूची गोलाई आणि तुमच्या झिजलेल्या ड्रमची गोलाई वेगळी असते. त्यामुळे लायनर मध्येच टेकतो किंवा फक्त टोकांना टेकतो. तपासायला खडू पुरतो. लायनरवर आडव्या खडूच्या रेघा मारा, चाक बसवा, हाताने फिरवत ब्रेक हळू लावा, पुन्हा उघडा. जिथला खडू पुसला गेला तिथेच ब्रेक लागतोय. अर्ध्या लायनरवर रेघा तशाच असतील तर तुमचा ब्रेकही अर्धाच आहे. उंच भाग पॉलिश पेपरने उतरवत दोन-तीन वेळा हे केलं की फरक स्वतःलाच जाणवतो. ज्यांना जास्त हौस आहे त्यांनी शू प्लेटवर बसवून लेथवर ड्रमच्या मापाला मारून घ्यावेत. वर्कशॉपमधले लेथवरचे मामा चहाच्या बदल्यात हे करतील की नाही ते तुमच्या त्यांच्याशी असलेल्या संबंधांवर अवलंबून आहे. पण सरांची परवानगी आणि शूची धूळ, दोन्हीची काळजी घ्या.

ब्रेक लावताना हँडलला ठराविक लयीत धक्के बसत असतील तर ड्रम लंबगोल झाला आहे. हे बहुतेक वेळा रिंगचा आऊट काढताना स्पोक कमी-जास्त ताणल्याने होतं. स्पोक हबला ओढतात आणि हब आपला गोलपणा सोडतो. ड्रम लेथवर साफ करायचा असेल तर तो रिंगसकट, स्पोक ताणलेल्या अवस्थेतच करावा लागतो, नाहीतर परत स्पोक ओढले की परत लंबगोल. आणि हबच्या आत जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो तो वाचा. १३० च्या ड्रमला मर्यादा साधारण १३१. त्यापुढे गेलेला ड्रम हा पेपरवेट म्हणून चांगला.

यानंतर कॅम. तो काढून गंज घासून, अगदी थोडं ग्रीस लावून बसवा. बोटाने फिरवला तर लोण्यासारखा फिरला पाहिजे. बाहेरच्या बाजूला कॅमवर जो आर्म असतो, त्याचा कोन हा ब्रेकमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात काटकोन हवा. सायकलचा पेडल वरच्या टोकाला असताना दाबून काही होत नाही, आडवा असताना पूर्ण ताकद लागते, तसंच. लायनर झिजत जातात, आपण नट आवळत जातो आणि आर्म काटकोनाच्या पलीकडे जातो. १२० अंशाला १३ टक्के ताकद गेली, १३० ला जवळपास पाव.

यावर एक 'जुगाड' सर्रास चालतो. आर्म काढायचा, दात्यांवर एक-दोन घर मागे सरकवून परत बसवायचा. कोन सुधारतो, ब्रेकही सुधारल्यासारखा वाटतो. पण लायनर झिजलेलेच आहेत! आतला कॅम तेवढा जास्त फिरून जवळजवळ उभा होतो आणि एखाद्या दिवशी जोरात ब्रेक लावला की उभाच अडकतो. चाक लॉक, आणि लिव्हर सोडला तरी सुटत नाही. प्लेटवर झीज दाखवणारी जी बाणाची खूण असते ती याचसाठी, आणि आर्म सरकवला की ती खूणही खोटं बोलायला लागते. शूच्या टोकांना पत्री घालून 'अजून सहा महिने चालेल' म्हणणं हा याच जुगाडाचा सख्खा भाऊ. नव्या शूच्या जोडीची किंमत हॉस्टेलच्या एका पार्टीपेक्षा कमी आहे.

केबलबद्दल फार लिहित नाही. ती एका बाजूने सोडा, आतली वायर हाताने मागे-पुढे ओढा. खरखर लागली किंवा एखादी तार तुटलेली दिसली तर ऑइल सोडत बसण्यापेक्षा नवीन टाका. वळणं मोठी आणि मोजकी ठेवा. हेडलाईटच्या मागे केबल कोंबून बसवली की तुमच्या बोटांची ताकद बाहेरचं कव्हर दाबण्यातच खर्च होते. लिव्हर स्पंजसारखा वाटतो तो यामुळेही.

आता एक फुकटची युक्ती, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते. चाक बसवून झालं की एक्सलचा नट थोडा सैल ठेवा. चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा आणि दाबलेलाच धरून नट पूर्ण आवळा. दोन्ही शू ड्रमला टेकलेले असल्यामुळे प्लेट स्वतःच मध्यावर येऊन बसते. ज्यांच्याकडे हा एकच उपाय केला त्यांच्याही लिव्हरचा प्रवास कमी झालेला मी बघितलाय. दोन मिनिटांचं काम, आणि तरी पंक्चर काढल्यावर कुणीही करत नाही!

पंक्चरवरून आठवलं. प्लेटला फिरू न देणारी एक जागा असते. पुढे फोर्कवरचा उंचवटा प्लेटच्या खाचेत बसतो, मागे एक लांब टॉर्क आर्म असतो. चाक घाईत बसवताना ही खाच बसली नाही, किंवा मागच्या आर्मचा नट आणि स्प्लिट पिन राहून गेली, तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल तुटते किंवा रॉड वाकतो आणि चाक जाम. इतर सगळं विसरलात तरी चालेल, चाक काढून बसवल्यावर ही एक जागा डोळ्याने बघितल्याशिवाय किक मारू नका.

बुलेटवाल्यांसाठी आणि कुणाकडे राजदूत ३५० असलीच तर त्या भाग्यवंतासाठी वेगळा परिच्छेद हवा. यांच्या पुढच्या मोठ्या ड्रममध्ये (बुलेटच्या काही मॉडेल्समध्ये) दोन कॅम असतात आणि दोन्ही शू लीडिंग असतात. म्हणजे पाचर दोन. बाहेर दोन आर्म आणि त्यांना जोडणारी एक सळई दिसते. ब्रेक जबरदस्त, पण एका अटीवर. दोन्ही शू एकाच क्षणी टेकले पाहिजेत. सळईची लांबी चुकली की एक शू काम करतो आणि दुसरा बघत बसतो. 'बुलेटचा ब्रेक असाच असतो' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची सळई कधी कुणी तपासलेलीच नसते. सळई एका बाजूने सोडा. पहिला आर्म हाताने ढकलून त्याचा शू टेकवून धरा, दुसराही तसाच टेकवा, आणि त्या स्थितीत सळई बरोबर बसेल अशी तिची लांबी जुळवा. झालं. फक्त एक लक्षात ठेवा, हे दोन्ही शू पुढे जातानाच लीडिंग असतात. चढावर गाडी मागे घरंगळायला लागली की दोन्ही ट्रेलिंग होतात आणि पुढचा ब्रेक एकदम नरम पडतो. तुळजापूरच्या घाटात ट्रॅफिकमध्ये थांबावं लागलं तर मागच्या ब्रेकवर पाय ठेवा.

कॅफे रेसरचे फोटो बघून ड्रमच्या प्लेटला भोकं पाडायची कल्पना काहींच्या डोक्यात असते. हवा जाईल, थंड राहील वगैरे. आपल्याकडे हवेआधी धूळ जाईल आणि जूनमध्ये पाणी. नको.

एवढं सगळं केलं आणि टायर जुनाच ठेवला तर गणित तिथेच थांबतं, कारण शेवटी गाडी ब्रेक थांबवत नाही, टायर थांबवतो. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१५ असेल तर तो २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक आहे म्हणून लोक खूष असतात, पण सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर लाकूड झालेला असतो. नख रुतत नसेल आणि बाजूला बारीक भेगा असतील, तर डिस्कचे पैसे पुढच्या टायरवर घाला. ब्रेकवर खर्च केलेल्या पैशातला हा सगळ्यात वसूल होणारा भाग, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग डिस्क वाईट का? मुळीच नाही. तिचा खरा फायदा उष्णतेत आहे. ताशी ६० वरून थांबताना आपल्या १७० किलोची २४ हजार ज्यूल ऊर्जा उष्णता होते. एकदा थांबलात तर ड्रमला काहीच नाही. पण घाट उतरताना दर शंभर मीटर उंचीमागे असे सात पूर्ण ब्रेक मारल्याइतकी उष्णता तयार होते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, लिव्हर आत-आत येतो. लायनरही तापून घर्षण गमावतो. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर थंड होते, आणि फुगली तर पॅडच्याच दिशेने फुगते. पावसातही पाणी झटकून टाकते. आरएक्सवाल्यांनी तर घाटात जास्त जपावं, कारण टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळपास नसतंच. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा जोरात लावून सोडत जा.

तेव्हा ज्यांना रोज घाट आहे किंवा ज्यांनी इंजिनची ताकद वाढवली आहे, त्यांनी डिस्कचा विचार जरूर करावा. पण पूर्ण संच एकाच गाडीचा घ्यावा. फोर्क, हब, डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर, सगळं. भंगारातून वेगवेगळं उचललं की काय होतं त्याचं उदाहरण देतो. कॅलिपरचा पिस्टन ३० मि.मी. आणि मास्टरचा १२.७ असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर ५.६ येतं. त्याच कॅलिपरला १५.९ चा मास्टर लावला तर ३.६. तेवढीच बोटं दाबून ताकद एक तृतीयांशाहून जास्त कमी! लिव्हर मात्र दगडासारखा कडक लागतो, म्हणून मालक खूष, "एकदम टाईट ब्रेक आहे बे!" ड्रमच्या फोर्कवर पट्टी वेल्ड करून कॅलिपर टांगण्याबद्दल तर बोलायलाच नको. ब्रेक लावल्यावर चाकाला फिरवणारी सगळी ताकद ती पट्टी झेलते. ती तुटली तर कॅलिपर स्पोकमध्ये जातो. ऑइलही दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. आणि कायद्याची बाजू आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ कंपनीच्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळे पैसे घालवण्याआधी एमएच १३ च्या आरटीओ ऑफिसात विचारून घ्या. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गाडी तिथेच तपासणीला न्यायची असते.

ब्रेक दुरुस्त झाला की लगेच हायवेला पळू नका. नव्या शूला पहिले दोनशे किलोमीटर बसायला वेळ द्या. ४० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, मध्ये थंड होऊ देत, असं वीस-पंचवीस वेळा करा. मग एखाद्या रविवारी सकाळी रिकामं, कोरडं, सिमेंटचं किंवा डांबराचं मैदान शोधा. हेल्मेट घाला, खडूने रेघ मारा, ताशी ४० ने या आणि रेघेवर ब्रेक लावा. मित्राला टेप धरायला सांगा. फक्त मागचा ब्रेक लावला तर वीस मीटरच्या आसपास जाल. मग पुढचा घ्या. एकदम आवळायचा नाही, आधी हलका, वजन पुढे आलं की वाढवत न्यायचा, सोबत मागचा थोडा. दहा-अकरा मीटरमध्ये थांबलात तर ड्रम पूर्ण काम करतोय. पंधराच्या पुढे जात असाल तर लिव्हर कुठपर्यंत येतो ते बघा. हँडलला टेकत असेल तर ॲडजस्टमेंट, कोन आणि केबल परत तपासा, न टेकता नुसता कडक लागत असेल तर खडूची टेस्ट परत करा, आणि चाक सहज लॉक होऊन घसरत असेल तर टायरवरचा चार आकडी नंबर वाचा.